तांबटाचा हात

पूर्वी वेणुकंठ नावाच्या नगरात सुबाहू राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मास आला. वडिलांकडून तो नाडी आणि वनस्पती शिकला, पुढे गुरुगृही राहून शस्त्रकर्म शिकला, आणि परत आल्यावर तांबटआळीच्या टोकाला आपल्या वृद्ध आईसह राहू लागला. दिवसभर त्या आळीत हातोड्यांचा नाद चाले. भाजलेले हात, धुराने चुरचुरणारे डोळे, पत्र्याने कापलेली बोटे घेऊन लोक त्याच्या ओसरीवर येत. तो कोणाला घाई करीत नसे आणि कोणाला परत पाठवीत नसे.

त्याच आळीत शंकुल नावाचा तांबट राहत असे. त्याच्यासारखा हंडा नगरात कोणी घडवीत नसे. तो वजनात खोटेपणा करीत नसे, मद्याला शिवत नसे, द्यूताच्या अड्ड्याकडे फिरकत नसे. दारी आलेल्या भिक्षूला रिकामे पाठवीत नसे. आळीतले लोक त्याला भला माणूस म्हणत. त्याच्या घरातून कधी कधी किंकाळी ऐकू येई, तेव्हा तेच लोक आपापल्या ऐरणीवर जरा जोराने घाव घालीत.

शंकुलच्या बायकोचे नाव वासुला. त्यांना तिष्या नावाची एकच मुलगी होती. ती लहान असताना एके दिवशी भांडी उजळण्यासाठी काढून ठेवलेले चिंचेचे पाणी तिच्या हातून तापलेल्या पत्र्यावर सांडले. पत्रा डागाळला. शंकुलने वळून तिच्या कानशिलात मारली. मूल भिंतीवर जाऊन आदळले आणि त्याच्या कानातून रक्त आले.

वासुला तिला कडेवर घेऊन बोधिसत्त्वाकडे आली.

"ओसरीवरून पडली," ती म्हणाली.

बोधिसत्त्वाने मुलीचा कान पाहिला. गाल पाहिला. कापसाने रक्त टिपून घेतले, तेलाचे दोन थेंब सोडले, आणि मगच तो बोलला.

"वासुले, पडलेल्या मुलीच्या गालावर बोटे उमटत नाहीत."

वासुलेने मुलीचे डोके आपल्या खांद्यावर दाबून धरले.

"तुला खोटे बोलावे लागेल असे मी काही विचारत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "मुलीच्या कानाला रोज औषध लागेल. सकाळी तिला घेऊन ये. काम असेल तर संध्याकाळपर्यंत तिला इथेच राहू दे, माझ्या आईला मुळ्या निवडायला सोबत होईल. आणि तुम्हा दोघींना घरी थांबणे नको वाटेल तेव्हा इकडे या. कारण सांगावे लागणार नाही."

मग तो स्वतः शंकुलच्या दुकानी गेला. शंकुल एका कळशीवर हातोडीचे बारीक ठोके देत मठारकाम करीत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"शंकुल, तिष्येच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. त्या कानाने तिला आता ऐकू येणार नाही."

हातोडा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"पोरांची हाडे कोवळी असतात, आचार्य. भरून येईल. माझ्या बापाने मला याहून जास्त मारले. बघा, बिघडलो का मी? घाव घातल्याशिवाय तांब्याला आकार येत नाही."

"तुझे वडील गेले त्याला किती काळ झाला?"

"बरीच वर्षे झाली."

"त्यांची आठवण येते तेव्हा काय आठवते?"

शंकुलने कळशी फिरवून घेतली आणि तो म्हणाला, "मला काम आहे." बोधिसत्त्व उठून घरी आला.

आईने त्याला विचारले, "अरे, तू त्याला चार शब्द का सुनावले नाहीस? तुझे तो ऐकून घेतो."

"आई, आपण आजारी आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या तोंडात औषध ओतले तर तो थुंकून टाकतो. पुढच्या वेळी दारही लावून घेतो. आज त्याच्या मनात नुसती शंका आली तरी पुष्कळ झाले."

"आणि त्याला समज येईपर्यंत त्या पोरीने मार खायचा?"

"नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "तोवर ती आपल्याकडे राहील."

असे दिवस जाऊ लागले. तिष्या सकाळी येई आणि दिवे लागायच्या सुमारास आईबरोबर घरी जाई. कान दुखायचा थांबला तरी औषध चालूच राहिले. म्हातारीपाशी बसून ती मुळ्या निवडी, पाने सुकत घाली, आणि हळूहळू बोलू लागली. बोलता बोलता हसूही लागली.

एकदा वासुलेला ताप होता म्हणून शंकुल मुलीला न्यायला आला. अंगणातूनच त्याला तिचे हसणे ऐकू आले. हा आवाज आपल्या घरात आपण कधी ऐकलेला नाही, हे त्याच्या लक्षात आले. तो दारात उभा राहिला आणि वर लोंबणारी वेल बाजूला करण्यासाठी त्याने हात उचलला. तिष्येने ते पाहिले. तिने मांडीवरचे सूप टाकले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती भिंतीशी मुटकुळे करून बसली. सुपातल्या मुळ्या शंकुलच्या पायापर्यंत घरंगळत आल्या.

त्याने काही तिला मारले नव्हते. तो रागावलेलाही नव्हता. त्याने हात खाली घेतला, पण ती उठेना. शंकुल आला तसा मागे फिरला. त्या दिवशी म्हातारीने मुलीला घरी पोचवले.

तेव्हापासून शंकुलची झोप उडाली. पण तो बदलला असे मात्र नाही. मारायचे नाही असे सकाळी ठरवावे आणि दुपारी हात उगारावा, असे चालले. कधी त्याला वाटे, आपण राक्षस आहोत. कधी वाटे, घर धाकात ठेवणे हा पुरुषाचा धर्मच आहे, वैद्याच्या बोलण्याने आपले डोके फिरले आहे. या दोहोंमध्ये तो पावसाळाभर हेलकावत राहिला. मग एके दिवशी तो बोधिसत्त्वाच्या ओसरीवर येऊन बसला.

"आचार्य, मनगट दुखते."

बोधिसत्त्वाने मनगट पाहिले. त्यात दुखण्यासारखे काही नव्हते. त्याने तेल कोमट केले आणि मनगट चोळायला घेतले. शंकुल दुसऱ्या दिवशी आला, त्यानंतरही येत राहिला. पुष्कळ दिवस दोघे तांब्याच्या, पावसाच्या गोष्टी बोलत. एकदा शंकुल आपण होऊन म्हणाला, "आचार्य, मी मारतो."

"हो."

"तुम्ही काही म्हणत नाही."

"तू सांगतो आहेस, मी ऐकतो आहे. मारल्यावर काय होते?"

शंकुलने विचार केला. "घर गप्प होते."

"आणि तू?"

"मी नाही गप्प होत," तो म्हणाला. मग त्याने पुढे सांगितले, "मी हे चूक म्हटले, तर माझा बापही चुकला असे होते. तो आता नाही. त्याला चूक कसे म्हणू?"

"त्याला काही म्हणू नकोस. त्याने तुला भट्टी फुंकायला शिकवले, ते ठेव. हे ठेवायचे की नाही ते तुझे तू बघ. मी तुला सोड म्हणणार नाही, शंकुल. माझ्या सांगण्यावरून सोडलेस, तर माझ्यावर रुसशील तेव्हा पुन्हा धरशील."

शंकुल गेला. आणखी काही दिवस तो आलाच नाही. आला तेव्हा उभ्यानेच म्हणाला, "मला हे नको आहे. यावर मुळी असेल, भस्म असेल, काहीही द्या. कडू असले तरी चालेल."

"यावर मुळी नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "पण ताप चढण्याआधी अंग मोडून येते, तोंड कोरडे पडते. तसे तुझा हात उठण्याआधी काय होते?"

"काही होत नाही. एकदम उठतो."

"बघत जा. मग मला सांग."

शंकुल बघू लागला. त्याला आढळले की आधी त्याचे कान तापतात. मग दात एकमेकांवर बसतात. मग हातोड्याचा ठेका चुकतो. हे सगळे व्हायला एक घागर भरण्याइतका वेळ लागतो. इतकी वर्षे तेवढा वेळ आपल्या हाती होता, हे त्याला कळले.

दोघांनी बसून ठरवले. कान तापले की हातोडा ऐरणीवर ठेवायचा, मागच्या दाराने नदीच्या घाटावर जायचे, पाण्यात पाय सोडून बसायचे आणि श्वास खाली उतरेपर्यंत परत यायचे नाही. हे घरच्यांना आधी सांगून ठेवायचे, म्हणजे तो उठून गेला तर त्यांना कोडे पडणार नाही.

शंकुलने वासुलेला सांगितले. तिने मान डोलावली. मग तो तिष्येसमोर गेला आणि तिच्या उजव्या कानाच्या बाजूला जमिनीवर बसून त्याने तिलाही सांगितले. मुलीने सगळे ऐकून घेतले.

"आणि विसरलात तर?" तिने विचारले.

शंकुल तो प्रश्न घेऊन वैद्याकडे आला. बोधिसत्त्व म्हणाला, "हा प्रश्न मी विचारायला हवा होता, तो तिने विचारला. विसरलास तर त्या दोघी माझ्या घरी येतील आणि तू त्यांना न्यायला येणार नाहीस. कबूल?"

"कबूल," शंकुल म्हणाला, आणि वासुलेसमोर त्याने तेच पुन्हा सांगितले.

पहिल्यांदा तो हातोडा ठेवून उठला तेव्हा भर दुपार होती. घाटावर बायका धुणे धूत होत्या. एवढा मोठा तांबट पाण्यात पाय सोडून बसलेला पाहून त्या आपसात कुजबुजल्या. पुढे ते रोजचेच झाले. आळीतले लोक त्याला 'पाणतांबट' म्हणून चिडवू लागले. तेही त्याने ऐकून घेतले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. त्याच्या घरात कोणाच्याही अंगावर हात पडला नाही, आणि तिष्या दिवसाही घरी राहू लागली.

याच काळात राजा सुबाहूचा राजवैद्य वारला. राजाचा दूत बोधिसत्त्वाकडे आला आणि म्हणाला, "राजवाड्यात राहायला घर आहे, शिष्य आहेत, औषधींचे उद्यान आहे. महाराजांनी तुम्हाला आजच बोलावले आहे."

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराजांची कृपा थोर आहे. पण माझ्याकडे एक रुग्ण आहे. त्याचा ताप उतरू लागला आहे. अशा वेळी वैद्य बदलू नये."

"तो रुग्ण कोण आहे?"

"एक तांबट आहे."

दूताला वाटले, हा माणूस थट्टा करतो आहे. तो परत गेला आणि ते पद दुसऱ्या वैद्याला मिळाले. बोधिसत्त्वाची आई मात्र त्या दिवशी प्रसन्न होती. तिने मुलाला गोड करून वाढले.

पुढे राजाच्या अभिषेकदिनासाठी एक प्रचंड घंगाळ घडवायचे काम तांबटआळीकडे आले. आळीतल्या तांबटांच्या संघाचा, म्हणजे श्रेणीचा, प्रमुख पूर्णक याने ते शंकुलला दिले. अभिषेक तोंडावर आला असताना घंगाळाचा सांधा उकलला. पूर्णक दुकानात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "नदीवर बसायला जातोस ना? मग सांधा कोण बघणार, तुझी मुलगी?"

शंकुलचे कान तापले. त्याला ते कळले. उठावे असे त्याच्या मनात आले. पण श्रेणीप्रमुख समोर उभा असताना, चार तांबट बघत असताना, 'पाणतांबट' उठून नदीवर चालला असे दिसेल, याची त्याला लाज वाटली. तो बसून राहिला. पूर्णक बोलायचे ते बोलून निघून गेला.

तिष्या अंगणात तिरकी पाठ करून उभी राहून वाळलेले कपडे काढीत होती. शंकुलने तिला पाणी आणायला हाक मारली. ती वळली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. ती तशीच उभी राहिली. तिचा डावा, बहिरा कान त्याच्याकडे होता आणि आळीत हातोडे वाजत होते. शंकुल उठला, अंगणात गेला आणि त्याने तिला मारले. ती दगडी पायरीवर पडली आणि तिचे मनगट मोडले.

पडल्यावर तिने वर पाहिले आणि विचारले, "काय झाले, बाबा?" तिला हाक ऐकू आलीच नव्हती.

वासुला बाहेर आली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने मुलीला उचलले आणि ती वैद्याच्या घराकडे चालू लागली. शंकुल उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आपण काय कबूल केले आहे, ते त्याला आठवत होते.

दुसऱ्या दिवशी पूर्णकाने श्रेणीची सभा बोलावली. तो म्हणाला, "वर्षभर या माणसाने आपल्याला सोंग दाखवले. त्या मुलीच्या किंकाळ्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. मीही ऐकल्या आणि गप्प बसलो. आता बसणार नाही. याची ऐरण काढून घ्यावी आणि याला नगराबाहेर घालवावे. वैद्यराज, तुम्ही काय पाहिले ते सभेला सांगा."

बोधिसत्त्वाने काहीही लपवले नाही. कानाचे सांगितले, मनगटाचे सांगितले. शंकुल खाली मान घालून उभा होता.

"मुलगी पडली, असे याने तुम्हाला सांगितले का?" पूर्णकाने विचारले.

"मी मारले," शंकुल स्वतःच म्हणाला.

तेव्हा बोधिसत्त्व सभेला म्हणाला, "याला शासन करायचा अधिकार तुमचा आहे. पण नगराबाहेर घालवलेला माणूस दुसऱ्या नगरात जातो. तिथे त्याचे दुसरे घर होते. तिथल्या लोकांना त्याच्या हाताची माहिती नसते. इथे निदान आपल्याला आहे. आणि ज्यांनी मार खाल्ला, त्यांना अजून कोणी विचारलेले नाही."

सभेने वासुलेला बोलावले. भरल्या सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. ती म्हणाली, "याला हाकलावे असे मी म्हणत नाही. पण आज मी याच्याबरोबर एका छपराखाली राहणार नाही. उद्याचे मला माहीत नाही."

मग सभेने ठरवले की घर वासुलेचे आणि तिष्येचे राहील, शंकुलने वेशीबाहेरच्या जुन्या भट्टीवर राहावे, तिथे काम करावे, मिळकत घरी पोचवावी आणि वासुलेने बोलावल्याशिवाय आळीत पाऊल टाकू नये.

त्या संध्याकाळी बोधिसत्त्व रुग्ण पाहून परत येत असताना त्याला नदीच्या उतारावर शंकुल दिसला. त्याच्या खांद्यावर गाठोडे होते आणि तो नावेची वाट पाहत होता.

"कुठे निघालास?"

"अरण्यात. जटा वाढवीन, फळेमुळे खाईन. हा हात माणसांजवळ ठेवण्याच्या लायकीचा नाही." तो वळून म्हणाला, "आचार्य, मी पुन्हा तिथेच येऊन पडलो. सगळे वर्ष पाण्यात गेले. तुम्ही माझ्यासाठी राजवाडा सोडलात."

"राजवाड्याचे राहू दे. तिष्येचा कान फुटला, तेव्हा ती पडली असे तुझ्या घरच्यांना सांगावे लागले होते. आज सभेत कोण काय बोलले?"

"मी मारले म्हणालो."

"तेव्हा तुझा हात कधी उठतो ते तुला कळत नव्हते. काल कळले होते?"

शंकुल पाण्याकडे पाहत म्हणाला, "पूर्णक बोलत होता तेव्हाच कळले होते. कान तापले होते. पण उठायची लाज वाटली."

"मग तू तिथेच येऊन पडलास, असे कसे म्हणतोस? तिथून निघालेला माणूस वाटेत पडला आहे. आणि पडण्यात थोडी चूक माझीही आहे. आपण रागाची तयारी केली, लाजेची केली नाही. मला ते दिसायला हवे होते." बोधिसत्त्व त्याच्या शेजारी उभा राहिला. "पण एक गोष्ट नीट ऐक. तू वाटेत पडलास, आणि मनगट मोडले ते तिचे. हे कधीही कमी करून सांगू नकोस. मलाही नाही आणि स्वतःलाही नाही."

शंकुल रडू लागला. बोधिसत्त्वाने त्याला रडू दिले.

"अरण्यात तुला राग आणणारे कोणी नसेल," तो मग म्हणाला. "तिथे तुझा हात स्वस्थ राहील यात नवल नाही. माणसांत राहून तो स्वस्थ ठेवायचा आहे. वासुला तुला परत बोलावील, असे मी म्हणत नाही. कदाचित कधीच बोलावणार नाही. तिष्या तुला क्षमा करील, असेही म्हणत नाही. काही मिळणार नसेल तरीही करशील का, एवढे सांग."

नाव काठाला लागली. नावाड्याने हाक दिली, "येणार का, दादा?"

शंकुलने गाठोडे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग तो नावाड्याला म्हणाला, "नाही. तू जा." आणि उतार चढून तो जुन्या भट्टीकडे गेला.

तिथे तो एकटा राहू लागला. पूर्णक काम द्यायला आला, तेव्हा शंकुल त्याला बरोबर आलेल्या तांबटांसमोर म्हणाला, "प्रमुख, तुम्ही बोलत असताना माझे कान तापले, तर मी मध्येच उठून जाईन. तो तुमचा अपमान समजू नका."

"मी काहीही बोलत असलो तरी?" पूर्णकाने विचारले.

"काहीही बोलत असलात तरी."

पूर्णक म्हणाला, "जा बाबा. मी थांबेन." आणि पुढे एकदा खरोखरच तो अर्धे वाक्य तोंडात ठेवून भट्टीवर थांबून राहिला. शंकुल परत आल्यावर त्याने ते वाक्य पुरे केले.

पावसाळे गेले. वासुलेने प्रथम कोणाबरोबर तरी भाकरी पाठवली. मग कधीतरी ती स्वतः घेऊन आली आणि दूर बसली. बऱ्याच काळाने तिने त्याला घरी बोलावले, पण झोपायचे दुकानातच, असे सांगितले. शंकुलने का म्हणून विचारले नाही. घरी आल्यावर तो एकदा ओरडला. हात उठला नव्हता, तरी त्याच दिवशी तो बोधिसत्त्वाकडे जाऊन सांगून आला. हळूहळू नदीवर जाणे कमी झाले. मग मागच्या दारात उभे राहणे पुरेसे होऊ लागले. पुढे बसल्या जागी श्वास घेऊन भागू लागले. मात्र आपण बरे झालो, असे तो कधीही म्हणाला नाही. कोणी म्हटले तर तो विषय बदली.

तिष्या मोठी झाली. मोडलेले मनगट बोधिसत्त्वाने नीट बसवले होते. त्याच हाताने ती भांड्यांवर नक्षी कोरू लागली. तिच्या वेलबुट्टीला गावोगावची मागणी येऊ लागली. बापलेक एकाच दुकानात काम करीत, पण कामापुरतेच बोलत. तिष्या नेहमी हळू आणि जपून बोले. शंकुलला ते जाणवे. त्याबद्दल तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार नाही, हेही त्याला माहीत होते.

एके दिवशी तो अंधाऱ्या कोपऱ्यातून एक कळशी घेऊन आला आणि तिचे मठारकाम करू लागला. ती तिष्येने कोरायला घेतलेली होती. राजहंसांची एक ओळ तिने अतिशय बारकाईने पुरी केली होती. ती आत आली तोवर निम्मे हंस हातोड्याखाली गेले होते.

"बाबा!" ती ओरडली. "डोळे कुठे होते तुमचे? दिसत नाही का, हंस आहेत ते! उजेडात आणून बघायला काय झाले होते?"

तिने त्याच्या पुढ्यातून कळशी हिसकावून घेतली, पाहिली, आणि संतापाने जमिनीवर आपटली. कळशीला मोठा पोचा पडला. सगळ्या आळीने तो आवाज ऐकला. शेजारचे हातोडे थांबले. चुलीपाशी वासुला उठून उभी राहिली.

तिष्या मात्र थांबली नाही. ती एक पाऊल पुढे आली, बोट रोखून उभी राहिली, आणि इतके दिवस खपून केलेले काम, गिऱ्हाईक, शंकुलची घाई, सगळ्याबद्दल ताडताड बोलत राहिली. शंकुल खाली बसून तिच्याकडे बघत होता. आयुष्यात प्रथमच ती त्याच्यावर रागावली होती, आणि तो राग तिने त्याच्या तोंडावर बोलून दाखवला होता.

"चुकलो," तो म्हणाला.

"चुकलातच!" ती म्हणाली आणि पाय आपटीत आईकडे निघून गेली.

शंकुल उठला. आळीतून चालत तो बोधिसत्त्वाच्या घरी आला. बोधिसत्त्वाचे केस आता पिकले होते. तो चटईवर बसून औषधी कुटत होता.

"आचार्य," शंकुल म्हणाला, "तिष्या आज माझ्यावर ओरडली. अगदी जवळ येऊन ओरडली. डोक्यावर हात घेतले नाहीत तिने."

बोधिसत्त्वाने खलबत्ता बाजूला ठेवला. चटईवर थोडे सरकून त्याने शंकुलला शेजारी बसायला जागा दिली. दोघे दिवे लागेपर्यंत तसेच बसून राहिले.

पुढे बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी ही कथा एका विहारात सांगितली. उत्तिक नावाच्या एका भिक्खूने कठोर बोलणे सोडण्याचा निश्चय केला होता. पुष्कळ काळ तो पाळला गेला, आणि मग एके दिवशी तो एका आजारी सोबत्याला नको ते बोलला. इतर भिक्खूंनी त्याला बाजूला टाकले. तो भिक्षापात्र आणि भिक्खूचे वस्त्र, चीवर, ठेवून विहार सोडायला निघाला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, उत्तिक आजच वाटेत पडला असे नाही, पूर्वीही पडला होता आणि पूर्वीही उठला होता. त्या वेळचा शंकुल तांबट म्हणजे हा उत्तिक. पूर्णक म्हणजे, याला सर्वांआधी दूर करणारा आपल्यातला वडीलधारा स्थविर. तिष्या म्हणजे याने ज्याला दुखवले तो आजारी भिक्खू. वासुला म्हणजे, त्या आजाऱ्याला रोज पेज आणून देणारी उपासिका. आणि तो वैद्य मीच होतो."

उत्तिकाने पात्र पुन्हा हाती घेतले आणि तो आजाऱ्याच्या कुटीकडे गेला. तो क्षमा मागायला गेला खरा, पण ती मिळेल असे धरून गेला नाही.

बोधिसत्त्वाने या जन्मी क्षांती पारमी, म्हणजे सहनशीलतेचा परमगुण, परिपूर्ण केली. दुखावलेल्याला आधी आसरा द्यायचा, दुखवणाऱ्याचा अपराध लपवायचा नाही, आणि तो वळू लागला तर त्याच्या चालीने त्याच्याबरोबर चालायचे, ही ती क्षांती होय.